डान्झिगवरून महायुद्ध का पेटले?

शिरपूरहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. जर्मनीने ऑस्ट्रिया घेतला, चेकोस्लोव्हाकिया गिळला, तरी युद्ध झाले नाही. मग त्या मानाने किरकोळ वाटणाऱ्या, पोलंडलगतच्या डान्झिग या एका शहराच्या मागणीवरून महायुद्ध कसे पेटले? सुरुवातीलाच कोणी हात धरला असता तर ते टळले असते का? आणि हुकूमशहाने शेजारचा मुलूख घेतला की मोठे युद्ध अटळच असते का? जळगाव-धुळे भागातल्या महाविद्यालयांत आधुनिक जगाचा इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि हे प्रश्न वर्गात या ना त्या रूपाने नेहमीच निघत असत. पहिल्या प्रश्नाला सर्वाधिक जागा देतो, कारण उरलेल्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्यावरच अवलंबून आहेत.

गाइडांमध्ये कारणांची एक ठरलेली माळ असते: व्हर्सायचा अपमानकारक तह, जागतिक मंदी, राष्ट्रसंघाचे अपयश, अनुनयाचे म्हणजे मागण्या मान्य करून आक्रमकाला शांत ठेवण्याचे धोरण आणि शेवटी पोलंडवरील आक्रमण. माळ चुकीची नाही, परंतु एक कारण पुढच्या कारणाला कसे ढकलत नेते ते तिच्यातून कळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आक्रमकाला न लढता मिळालेला प्रत्येक प्रदेश त्याला एक गोष्ट शिकवतो आणि त्याच्या विरोधकांना नेमकी उलटी. समोरचे लढणार नाहीत, असे आक्रमकाच्या मनात पक्के होत जाते. हा थांबणार नाही, असे समोरच्यांच्या मनात पक्के होत जाते. दोन्ही समजुती पुरत्या मुरल्यानंतर जी पहिली मागणी पुढे येते तिच्यावरून युद्ध होते, मग ती मागणी आधीच्या मागण्यांपेक्षा लहान असली तरी.

हे ऱ्हाइनलँडपासून पाहू. व्हर्सायच्या तहाने ऱ्हाइन नदीकाठचा जर्मन प्रदेश निर्लष्करी ठरवला होता आणि 1925 च्या लोकार्नो करारात जर्मनीने ते स्वेच्छेने मान्य केले होते. 7 मार्च 1936 रोजी, शनिवारी, जर्मन सैन्य तेथे शिरले. शनिवार निवडण्यातही हिशोब होता, कारण लंडनमधले मंत्री आणि अधिकारी आठवडाअखेर गावाकडे गेलेले असत. नदी ओलांडून पश्चिमेकडे, म्हणजे आखेन, ट्रियर आणि सारब्रुकेन या शहरांकडे, अवघ्या तीन बटालियन गेल्या. फ्रान्सचे सैन्य त्या वेळी जर्मनीपेक्षा कितीतरी मोठे होते. तरीही सेनापती गामेलिन यांनी मंत्रिमंडळाला सांगितले की, कारवाई करायची तर सार्वत्रिक सैन्यभरती जाहीर करावी लागेल. निवडणूक दीड-दोन महिन्यांवर आलेली, तिजोरी ओढग्रस्तीत, आणि ब्रिटनमध्ये तर जर्मन लोक आपल्याच अंगणात शिरले आहेत, त्यात काय बिघडले, असा सूर होता. कोणीही हलले नाही.

यातली मेख अशी की, त्या दिवशी घेतलेली प्रत्येक भूमिका स्वतंत्रपणे पाहिली तर समंजसच वाटते. शेजाऱ्याने दरवर्षी नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरावा आणि तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढेल, असे आपण म्हणत राहावे, तसे हे होते. परंतु ऱ्हाइनलँडमध्ये तटबंदी उभी राहू लागली आणि पूर्वेकडील मित्रांना फ्रान्सने दिलेल्या शब्दाची किंमत एका झटक्यात उतरली. जर्मनीने प्राग किंवा वॉर्सावर हल्ला केला तर फ्रान्सने पश्चिमेकडून जर्मनीत शिरायचे, हा त्या मैत्रीकरारांचा आधार होता. आता ते शिरणे महाग झाले. कोरलेला बांध थोडा होता, पण नेमका तोच पाट अडवणारा होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून खानदेशात त्याचा अभिमान बाळगला जातो आणि तो रास्तच आहे. परंतु अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी तेथील भाषणात स्पेन, अबिसिनिया (आजचा इथिओपिया) आणि वाढता फॅसिझम यांविषयी सांगितले होते, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. फॅसिझम आणि साम्राज्यवाद ही एकाच कुळीतली आहेत, ही त्यांची मांडणी होती. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, कारण जर्मनी, इटली आणि जपान यांना रोखू पाहणारे देश स्वतःच साम्राज्ये बाळगून होते. 1818 मध्ये खानदेश ज्यांनी पेशव्यांकडून घेतला आणि सातपुड्यातल्या भिल्लांना वठणीवर आणण्यासाठी ज्यांनी पलटण उभारली, त्यांनीच चीनचा मांचुरिया बळकावल्याबद्दल जपानला नीती शिकवावी, याला टोकियोत उत्तर तयार होते: तुम्ही केलेत ते राज्य, आणि आम्ही केले ते आक्रमण काय? हे उत्तर आक्रमणाचे समर्थन ठरत नाही, परंतु राष्ट्रसंघाच्या ठरावांना धार का नव्हती याचा काही खुलासा त्यातून होतो. मांचुरियाचा ठपका ठेवणारा अहवाल राष्ट्रसंघाने 1933 मध्ये स्वीकारला, विरोधात मत एकट्या जपानचे पडले, आणि जपान राष्ट्रसंघातून उठून गेला. मांचुरिया जपानच्याच ताब्यात राहिला.

आता प्रत्येक विजयाने आक्रमकाच्या हाती प्रत्यक्षात काय पडले ते पाहावे, कारण पाठ्यपुस्तके हा भाग दोन ओळींत उरकतात. 1936 नंतर जर्मन अर्थव्यवस्था शस्त्रनिर्मितीला जुंपली गेली होती. लोहखनिज, रबर, तेल आणि धान्य बाहेरून आणावे लागे आणि त्यासाठी लागणारे परकीय चलन जवळ नव्हते. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया विलीन झाला तेव्हा व्हिएन्नाच्या मध्यवर्ती बँकेतले सोने आणि परकीय चलन बर्लिनला गेले. तो साठा जर्मनीच्या स्वतःच्या गंगाजळीपेक्षा कितीतरी मोठा होता. तो संपत आला तेव्हा पुढचा देश नजरेत होता. जर्मन मध्यवर्ती बँकेचे प्रमुख याल्मार शाख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी 1939 मध्ये हिटलरला लेखी कळवले की, असाच खर्च चालू राहिला तर चलन कोसळेल. शाख्ट यांना त्याच महिन्यात पदावरून दूर करण्यात आले. खर्च आवरायचा तर शस्त्रसज्जता थांबवावी लागणार होती, आणि ती थांबवली असती तर ज्या वचनांवर राजवट उभी होती तीच मोडली असती. म्हणून शेजाऱ्याची तिजोरी हाच त्या अर्थव्यवस्थेचा उतारा ठरत गेला. विस्ताराची हाव हा हुकूमशहाच्या स्वभावाचा भाग असतोच, परंतु अशा अर्थव्यवस्थेत थांबणे हीदेखील एक महागडी गोष्ट होऊन बसते.

दुसरी प्राप्ती घरातली होती. लोकशाहीत चुकीचा डाव टाकणाऱ्याला संसद, वर्तमानपत्रे आणि विरोधी पक्ष अडवू शकतात. हुकूमशाहीत ते काम करण्याइतके बळ असलेच तर सैन्याकडे असते. जर्मन सरसेनाधिकारी मंडळाचे प्रमुख लुडविग बेक यांचे मत होते की, चेकोस्लोव्हाकियावर हल्ला केल्यास ब्रिटन आणि फ्रान्स उतरतील आणि जर्मनीचा विनाश होईल. ऑगस्ट 1938 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. युद्ध सुरू झालेच तर हिटलरला पदच्युत करायचे, असा काही अधिकाऱ्यांचा बेतही होता. मग 29 सप्टेंबरला म्युनिकमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन, फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए, इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी आणि हिटलर बसले, चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत जागा न देताच त्याचा सुडेटनलँड हा सीमाभाग जर्मनीला द्यायचे ठरले, आणि धोका दाखवणारे सेनाधिकारी आपल्याच देशात खोटे पडले. गोळी न झाडता जिंकून दाखवणाऱ्या नेत्याविरुद्ध बंड कोणत्या तोंडाने करणार? म्युनिकबद्दल बोलताना चेंबरलेनच्या हातातल्या छत्रीची चेष्टा फार होते. माझ्या मते त्या कराराचा अधिक घातक परिणाम म्हणजे बर्लिनमध्ये उरलासुरला लगाम गळून पडला.

तरीही तोपर्यंत हिटलरजवळ एक सबब होती. सारप्रांत, ऱ्हाइनलँड, ऑस्ट्रिया, सुडेटनलँड या सर्व ठिकाणी जर्मनभाषक होते आणि स्वयंनिर्णयाचे तत्त्व तर विजेत्यांनीच 1919 मध्ये मिरवले होते. ही सबब 15 मार्च 1939 रोजी संपली. आदल्या रात्री चेकोस्लोव्हाकियाचे वृद्ध आणि आजारी राष्ट्राध्यक्ष एमिल हाखा बर्लिनला गेले होते. त्यांना मध्यरात्र उलटेपर्यंत ताटकळत ठेवले गेले, आणि आत बोलावल्यावर हिटलरने सांगितले की, सैन्याला निघण्याचे आदेश दिलेले आहेत. विरोध झाला तर प्रागवर बाँबवर्षाव होईल, अशी धमकी जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग याने दिली. हाखांना भोवळ आली. हिटलरच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन त्यांना शुद्धीवर आणले. मग त्यांना दूरध्वनीवरून प्रागला विरोध न करण्याचा निरोप द्यायला लावले आणि पहाटे चारच्या सुमारास कागदावर सही घेतली. सकाळी जर्मन तुकड्या प्रागमध्ये होत्या. मजबूत सीमातटबंदी म्युनिकमध्येच गेलेली होती. आता पिल्सेनचा स्कोडा कारखाना आणि चेक सैन्याची शस्त्रेही गेली. 1940 मध्ये फ्रान्समध्ये घुसलेल्या काही जर्मन रणगाडा डिव्हिजनांकडे चेक बनावटीचे रणगाडे होते.

प्रागमध्ये बहुसंख्य चेक होते, जर्मन नव्हे. त्यामुळे ज्या ब्रिटिश मतदाराला म्युनिक शहाणपणाचे वाटले होते, त्याला सहा महिन्यांत आपण फसवले गेल्याची जाणीव झाली. 31 मार्चला चेंबरलेन यांनी पोलंडला हमी जाहीर केली, आणि एप्रिलमध्ये मुसोलिनीने अल्बानिया घेतल्यावर रुमानिया आणि ग्रीसलाही तशीच हमी मिळाली. युद्धाच्या व्याप्तीचा प्रश्न येथे निर्णायक वळण घेतो. आतापर्यंत प्रत्येक घटना सुटी होती. आता एका सीमेवरचा गोळीबार आपोआप चार देशांना ओढील, अशी साखळी बांधली गेली. ती घाईने बांधली गेली होती आणि पोलंडच्या मदतीला प्रत्यक्षात पोहोचण्याचा मार्ग ब्रिटनजवळ नव्हता. तो मार्ग असलाच तर मॉस्कोवरून जात होता. म्युनिकला न बोलावल्या गेलेल्या स्टालिनशी बोलणी रेंगाळली, ऑगस्टमध्ये ब्रिटिश-फ्रेंच लष्करी मंडळ संथ जहाजाने रशियाला गेले, आणि आपल्या भूमीतून सोव्हिएत सैन्य जाऊ देण्यास पोलंडचा ठाम नकार होता. 23 ऑगस्टला स्टालिनने हिटलरशीच अनाक्रमण करार केला आणि गुप्त कलमांत पूर्व युरोप वाटून घेतला.

डान्झिगची मागणी एकटी पाहिली तर प्रागपेक्षा कितीतरी समर्थनीय होती, हे परीक्षार्थींनी आवर्जून लक्षात ठेवावे. ते शहर पोलंडचे नव्हते. राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे मुक्त शहर होते आणि तेथील बहुसंख्य लोक जर्मन होते. तीच मागणी 1935 मध्ये आली असती तर कदाचित वाटाघाटीत मिटली असती. परंतु 1939 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये कोणीही ती डान्झिगची मागणी म्हणून ऐकत नव्हते. ती प्रागनंतरची मागणी होती. उलट हिटलरची खात्री होती की, म्युनिकमध्ये भेटलेली ती किडामुंगी माणसे याही वेळी लढणार नाहीत. 1 सप्टेंबरला हल्ला झाला, 3 तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सने युद्ध पुकारले, आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय नेत्याला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले.

येथपर्यंत युद्ध युरोपचेच होते. ते जगाचे का झाले, हे समजण्यासाठी एका हुकूमशाहीचा विस्तार दुसरीला वाट मोकळी करून देतो, हे पाहावे लागते. 1940 च्या मे-जूनमध्ये हॉलंड आणि फ्रान्स पडले आणि आग्नेय आशियातल्या त्यांच्या वसाहती पोरक्या झाल्या. 1937 पासून चीनमध्ये रुतून बसलेल्या जपानला तेल, रबर आणि कथील एकाच वेळी समोर दिसू लागले. उत्तरेकडे रशियाशी 1939 मध्ये मंगोलियाच्या सीमेवर खालखिन गोल येथे झालेल्या लढाईत जपानने मार खाल्ला होताच, त्यामुळे नजर दक्षिणेकडे वळली. सप्टेंबर 1940 मध्ये जपान फ्रान्सची वसाहत असलेल्या इंडोचीनच्या उत्तर भागात शिरला आणि त्याच महिन्यात जर्मनी-इटलीशी त्रिपक्षीय करार झाला. जुलै 1941 मध्ये दक्षिण इंडोचीन घेतल्यावर अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद केले. जपानच्या तेलाचा बहुतांश पुरवठा, साधारण ऐंशी टक्के, अमेरिकेतून होत असे. साठा संपण्याच्या आत एकतर चीनमधून माघार घ्यायची किंवा डच ईस्ट इंडीजचे (आजच्या इंडोनेशियाचे) तेल लष्करी बळावर घ्यायचे, असे दोनच पर्याय उरले. माघारीचा पर्याय स्वीकारून पदावर टिकेल असा पुढारी टोकियोत नव्हता. जर्मनीबाबत वर जे सांगितले त्याचीच ही आशियाई आवृत्ती होय. 7 डिसेंबरला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलतळावर हल्ला केला, आणि 11 तारखेला हिटलरने आपण होऊन अमेरिकेवर युद्ध पुकारले.

या गोठवणुकीचा धक्का आपल्याकडच्या काळ्या मातीपर्यंत पोहोचला होता. खानदेश-वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला मुंबईच्या बाजारात 'उमरा' म्हणत, त्याचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. 1934 च्या भारत-जपान व्यापारी करारात तर जपानी कापडाचा कोटाच त्याने उचललेल्या कापसाच्या गाठींशी बांधलेला होता. जुलै 1941 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थाननेही जपानशी व्यवहार थांबवले आणि आखूड धाग्याच्या कापसाची एक मोठी बाजारपेठ एकाएकी बंद झाली. इंडोचीन कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याच्या गाठी जिनिंगच्या आवारात कशा अडकल्या, याचे उत्तर दक्षिण इंडोचीनमधल्या सायगावच्या बंदरात होते.

इटलीचे उदाहरण वेगळ्या अर्थाने बोलके आहे. ऑक्टोबर 1935 मध्ये मुसोलिनीने अबिसिनियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने निर्बंध लादले, परंतु त्यांतून तेल वगळले. इटलीची सैन्यवाहू जहाजे सुएझ कालव्यातून रीतसर पट्टी भरून जात राहिली. तो बंद करणे ब्रिटनच्या हातात होते. मुसोलिनी दुखावून हिटलरकडे जाईल, ही भीती होती. तो गेलाच. 5 मे 1936 रोजी अदिस अबाबा पडले. पुढे 1941 च्या वसंतात तोच प्रदेश सोडवण्यासाठी एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत भारतीय चौथी आणि पाचवी डिव्हिजन लढली. त्या लढाईत मराठा पलटणींतले जवानही पडले. सम्राट हैले सेलासी आपल्या राजधानीत परतले तो दिवस होता 5 मे 1941, म्हणजे बरोबर पाच वर्षांनी. 1935 मध्ये कालव्याचा दरवाजा लावून घेण्याची जी किंमत ब्रिटनला जड वाटली होती, ती अखेर आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांनी चुकवली, असे मी म्हणालो तर ते अतिशयोक्त होणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे थोडक्यात येतो. 1936 मध्ये फ्रान्सने सैन्य हलवले असते तर जर्मनीला मागे फिरावे लागले असते, हे मला पटते. त्यामुळे राजवटच कोसळली असती असे मात्र कोणी ठामपणे लिहू नये. 1938 बाबत जाणकारांत खरा मतभेद आहे. एका बाजूला चेकांचे सुसज्ज सैन्य आणि तटबंदी म्युनिकमध्ये वाया गेली; दुसऱ्या बाजूला ब्रिटनला रडार आणि नव्या लढाऊ विमानांसाठी वर्षभराची सवड मिळाली. माझा कौल पहिल्या बाजूला आहे, कारण त्या वर्षात जर्मनीने ब्रिटनपेक्षा अधिक कमावले आणि सोव्हिएत रशिया हातचा गेला. परंतु पहिल्या महायुद्धात एक पिढी पुरून आलेल्या समाजांना पुन्हा खंदकात उतरवणे किती कठीण होते, हे न लिहिता चेंबरलेनला भित्रा ठरवणारे उत्तर अर्धवट राहते. शिवाय हिटलरला पूर्वेकडची भूमी हवीच होती. नोव्हेंबर 1937 च्या गुप्त बैठकीत त्याने सेनाप्रमुखांना ते स्पष्ट सांगितले होते. लवकर अडवल्याने त्याचा हेतू बदलला नसता, साधने मात्र कमी राहिली असती.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. स्पेनचा फ्रँको हुकूमशहाच होता, पण ऑक्टोबर 1940 मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरील आंदाई येथे हिटलरला भेटल्यावर त्याने धान्य, शस्त्रे आणि फ्रेंच मोरोक्को अशी भली मोठी यादी पुढे केली आणि युद्धाबाहेर राहिला. 1982 मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटे घेतली. ते युद्ध दहा-अकरा आठवड्यांत संपले आणि त्या दोघांपलीकडे पसरले नाही. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याचे प्रकरण अधिक शिकवणारे आहे. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत घेतले तेव्हा वर सांगितलेली जवळजवळ सर्व लक्षणे हजर होती: इराणशी आठ वर्षे चाललेल्या युद्धाचे कर्ज, रिकामी तिजोरी, शेजाऱ्याचे तेल, आणि विरोध करू शकेल असा घरात कोणी नाही. फरक असा पडला की, पाठीशी उभी राहणारी महासत्ता नव्हती; सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत अमेरिकेबरोबर मत दिले. शिवाय पहिल्याच घासाला अडवणूक झाली, त्यामुळे समोरचे लढणार नाहीत हा समज पुढच्या घासापर्यंत टिकलाच नाही. युद्ध पसरावे म्हणून सद्दामने प्रयत्न केला नाही असे नव्हे. जानेवारी 1991 मध्ये त्याने इस्राएलवर स्कड क्षेपणास्त्रे सोडली, कारण इस्राएल उतरला असता तर इजिप्त आणि सीरियासारखे अरब देश आघाडीतून बाहेर पडले असते. अमेरिकेच्या आग्रहामुळे इस्राएलने प्रतिहल्ला केला नाही, अरब देश आघाडीत राहिले, आणि 28 फेब्रुवारीला लढाई थांबली तेव्हा कुवेत मोकळे झाले होते.